एडब्ल्यूएसवर खातं उघडताना: ईमेल निवडण्यापासून पहिला सर्व्हर सुरू होईपर्यंत

वेब ॲप्लिकेशन लॅपटॉपवर नीट चालायला लागलं की ते कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो. भारतातल्या वापरकर्त्यांसाठी ॲप असेल तर सर्व्हरही भारतातच असलेला बरा, कारण पानं लवकर उघडतात. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरचा समूह) २०१६ पासून सुरू आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून. मायक्रोसॉफ्ट अझ्युरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे, गूगल क्लाउडचंही एक रीजन मुंबईत आहे. इथे पायऱ्या एडब्ल्यूएसच्या दिल्या आहेत, पण कार्ड, सुरक्षा आणि बिलाबद्दलचा बराचसा भाग बाकी दोन्हीकडे लागू पडतो.

साइनअपचा फॉर्म भरायला वीसेक मिनिटं पुरतात. पुढे जो मनस्ताप होतो त्याचं मूळ बहुतेक वेळा याच वीस मिनिटांत आणि त्यानंतरच्या तासाभरात असतं: चुकीचा ईमेल, चुकीचा देश, बंद असलेलं कार्ड, एका पासवर्डवर उघडं राहिलेलं रूट, म्हणजे सगळे हक्क असलेलं मूळ खातं. म्हणून या भागाबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

फॉर्म उघडण्याआधी

ईमेल आधी ठरवा. एक ईमेल पत्ता एकाच एडब्ल्यूएस खात्याच्या रूट युजरसाठी चालतो, आणि ते खातं बंद केल्यावर तोच पत्ता वापरून नवीन खातं उघडता येत नाही. कंपनीचं किंवा संस्थेचं काम असेल तर कर्मचाऱ्याचा वैयक्तिक पत्ता देऊ नका. तो माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड रीसेटची मेल त्याच्याकडेच जाते आणि खातं परत मिळवायला कागदपत्रांची धावपळ करावी लागते. दोन-तीन जणांना मेल पोचेल असा गट-पत्ता करून घ्या. आणखी एक सापळा आहे. जे डोमेन तुम्ही याच एडब्ल्यूएस खात्यातून चालवणार आहात, त्या डोमेनवरचा ईमेल रूटसाठी देऊ नका. बिल थकून खातं थांबलं तर त्याबरोबर डोमेनची मेलही थांबू शकते, आणि खातं सोडवण्यासाठी नेमकी तीच मेल लागते.

कार्ड तयार ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नव्याने दिलेल्या कार्डांवर ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का आणि त्यांची मर्यादा शून्यावर तर नाही ना, हे आधी बघा. साइनअपमध्ये कार्ड नाकारलं जाण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच असतं. ज्या मोबाइलवर बँकेचा ओटीपी येतो तो हाताशी असू द्या. ओळखीसाठी पॅन कार्ड, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एकाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. आणि व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. पत्ता नाशिकचा आणि कनेक्शन सिंगापूरचं दिसलं की खातं तपासणीत अडकण्याची शक्यता वाढते.

साइनअपचा क्रम

पहिल्या पानावर रूट ईमेल आणि खात्याचं नाव विचारतात. नाव नंतर बदलता येतं, त्यात फार वेळ घालवू नका. ईमेलवर पडताळणीचा कोड येतो. तो इनबॉक्समध्ये दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा. मग पासवर्ड. हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवावा.

पुढे प्लॅन निवडायचा असतो, आणि इथे थांबून विचार करायला हवा. १५ जुलै २०२५ पासून नवीन खात्यांसाठी जुनी बारा महिन्यांची मोफत योजना राहिलेली नाही. महिन्याला ७५० तास मोफत सर्व्हर सांगणारे अनेक लेख आणि व्हिडिओ अजून फिरत आहेत, ते त्याआधी उघडलेल्या खात्यांबद्दलचे आहेत. आता नव्या ग्राहकाला खातं उघडताच १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं. पाच ठरावीक कामं करून प्रत्येकी २० प्रमाणे आणखी १०० डॉलर मिळवता येतात. त्यात ईसीटू या सेवेत सर्व्हर सुरू करणं, आरडीएस या सेवेत डेटाबेस सुरू करणं आणि बजेट (खर्चाचा इशारा) लावणं ही कामं आहेत. बजेट तर तुम्हाला लावायचंच आहे, त्यामुळे ते २० डॉलर सहज पदरात पडतात. डेटाबेस मात्र क्रेडिट जमा झाल्यावर आठवणीने काढून टाका, नाहीतर मिळालेलं क्रेडिट तोच खाऊन टाकेल.

फ्री प्लॅन आणि पेड प्लॅन या दोन्हींत हे क्रेडिट मिळतं. फ्री प्लॅनमध्ये क्रेडिट संपेपर्यंत किंवा सहा महिने होईपर्यंत, जे आधी घडेल तोवर, तुमच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. त्यानंतर खातं बंद होतं. पुढचे ९० दिवस पेड प्लॅनवर जाऊन ते परत सुरू करता येतं, नाहीतर आतला डेटा जातो. पेड प्लॅनमध्ये आधी क्रेडिट वापरलं जातं आणि ते संपल्यावर कार्डावर बिल सुरू होतं. शिकण्यासाठी खातं उघडत असाल तर फ्री प्लॅनच घ्या. ग्राहकाचं किंवा दुकानाचं खरं ॲप चालवणार असाल तर पेड घ्या, कारण सहा महिन्यांनी ॲप अचानक बंद पडणं तुम्हाला परवडणार नाही. फ्री प्लॅनमध्ये काही महागड्या सेवा उघडतही नाहीत.

मग संपर्काची माहिती. वैयक्तिक की व्यावसायिक हे निवडून नाव, पत्ता आणि फोन द्यायचा. देश भारत निवडलात की करार एडब्ल्यूएसच्या भारतीय कंपनीशी होतो. बिल रुपयांत येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पत्ता परदेशातला दिला तर करार दुसऱ्या कंपनीशी होतो आणि पैसे भरायचे मार्गही बदलतात. अमेरिकेत किंवा आखातात राहून इथल्या घरच्या व्यवसायाचं ॲप चालवणाऱ्यांनी हे आधी ठरवावं: बिल कोणाच्या नावाने, कुठल्या कार्डावर आणि कुठल्या कर-हिशेबात जाणार? घरचा व्यवसाय भारतात नोंदलेला असेल तर खातं त्या व्यवसायाच्या नावाने आणि इथल्याच पत्त्यावर उघडणं सोयीचं. पत्ता लिहिताना ओळखपत्रावर आहे तसंच नाव आणि पिनकोड लिहा. पुढच्या पडताळणीत तेच जुळवून बघतात.

कार्डाच्या पानावर पडताळणीसाठी २ रुपये कापले जातात आणि काही दिवसांत परत येतात. ओटीपीसाठी पान बँकेच्या साइटवर जातं. पॉप-अप अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर इथेच गाडी अडते. कार्ड नाकारलं गेलं तर तेच पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. आधी बँकेच्या ॲपमध्ये व्यवहाराचा प्रयत्न दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर अडचण बँकेकडे आहे. दिसतच नसेल तर नाव, तारीख किंवा पत्ता चुकला असण्याची शक्यता जास्त. काही बँकांच्या डेबिट कार्डांवर ई-मँडेटची, म्हणजे बिल आपोआप कापू देण्याच्या संमतीची सोय नसते, मग दुसरं कार्ड वापरणंच बरं. पॅन क्रमांक विचारला जातो तो भरा. व्यवसायाचा जीएसटी क्रमांक असेल तर खातं सुरू झाल्यावर बिलिंगमधल्या टॅक्स सेटिंग्जमध्ये तो पंधरा अक्षरी क्रमांक लगेच घाला. महिना संपून इन्व्हॉइस निघाल्यावर घातलात तर त्या इन्व्हॉइसवर तो येणार नाही आणि त्या महिन्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकेल.

फोनची पडताळणी एसएमएसने किंवा कॉलने होते. एसएमएस दहा मिनिटांत आला नाही तर कॉलचा पर्याय घ्या. क्रमांकाआधी देशाचा संकेतांक वेगळ्या खान्यात निवडलेला असतो, त्यामुळे पुन्हा ९१ किंवा शून्य लावायचं नाही. एकामागून एक खूप प्रयत्न केले तर काही तास तो क्रमांक अडवला जातो.

भारतीय खात्यांसाठी ग्राहक पडताळणी हा वेगळा टप्पा आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांना ग्राहकाची तपासलेली माहिती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे खातं कशासाठी उघडताय हे विचारतात आणि ओळखपत्र अपलोड करायला सांगतात. फोटोत चारही कोपरे दिसले पाहिजेत, चकाकी नको, आणि नाव खात्यातल्या नावाशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं आणि पॅनवर फक्त आद्याक्षरं असलेल्यांचं घोडं इथे अडतं. ज्या कागदावर नाव पूर्ण आणि सध्याचं आहे तोच कागद निवडा.

शेवटी सपोर्ट प्लॅन विचारतात. बेसिक घ्या, तो मोफत आहे. खातं बहुधा काही मिनिटांत सुरू होतं, पण २४ तासही लागू शकतात. त्या काळात सर्व्हर सुरू करायला गेलात तर खातं अजून पडताळलं जात असल्याचा संदेश येतो. चोवीस तास उलटले तर सपोर्टमधून अकाउंट अँड बिलिंगची केस उघडा. ती बेसिक प्लॅनमध्येही मोफत आहे.

पहिला तास: सर्व्हरच्या आधी

रूट युजर म्हणजे घराचं मूळ खरेदीखत. ते कपाटात कुलपात ठेवायचं, रोज खिशात घेऊन फिरायचं नाही. म्हणून पहिल्याच लॉगिनला रूटवर एमएफए, म्हणजे पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी लावा. ऑथेंटिकेटर ॲपने क्यूआर कोड स्कॅन केला की ॲपमधले लागोपाठचे दोन कोड टाकावे लागतात. पहिला टाकून तो बदलेपर्यंत थांबा, मग दुसरा टाका. कोड चुकीचा येत असेल तर मोबाइलचं घड्याळ आपोआप वेळ घेण्यावर आहे का ते बघा. घड्याळ मागेपुढे असलं तर कोड नाकारला जातो. एका रूटवर आठपर्यंत एमएफए साधनं लावता येतात, त्यामुळे दुसरा फोन किंवा पासकी आजच जोडून ठेवा. एकच फोन असेल आणि तो हरवला, तर ईमेल आणि फोन दोन्हींवरची पडताळणी पार केल्याशिवाय आत जाता येत नाही.

रूटच्या नावाने ॲक्सेस की (प्रोग्रामला खात्यात शिरू देणारी गुप्त किल्ली) कधीही बनवू नका. रोजच्या कामासाठी आयएएममध्ये (युजर आणि त्यांचे हक्क सांभाळणारी सेवा) वेगळा युजर करा, त्याला प्रशासकाचे हक्क द्या आणि त्यालाही एमएफए लावा. एडब्ल्यूएसची शिफारस आयडेंटिटी सेंटर (सगळ्यांचं लॉगिन एका जागी सांभाळणारी सेवा) वापरण्याची असते आणि टीम असेल तर तेच योग्य. पण ते पूर्ण स्वरूपात सुरू करताना ऑर्गनायझेशन्स (अनेक खाती एकत्र बांधणारी सेवा) सुरू होतं. फ्री प्लॅनवरचं खातं ऑर्गनायझेशनमध्ये गेलं की ते आपोआप पेड होतं आणि उरलेलं मोफत क्रेडिटही जातं. एकट्याने शिकताना साधा आयएएम युजर पुरेसा आहे.

नव्या युजरला बिल दिसत नाही, अगदी प्रशासक असला तरी. रूटने लॉगिन करून अकाउंटच्या पानावर आयएएम युजरना बिलिंगची माहिती दाखवण्याची परवानगी सुरू करावी लागते. हे काम झालं की रूटमधून बाहेर पडा.

आता बजेट. बिलिंगमध्ये बजेट्स उघडून तयार नमुन्यांतलं झिरो स्पेंड बजेट लावा. खर्च ०.०१ डॉलरच्या वर गेला की ईमेल येते. त्याखेरीज महिन्याच्या तुमच्या खऱ्या मर्यादेचं, समजा १५ डॉलरचं, दुसरं बजेट लावा. बजेट फक्त कळवतं, ते काहीही बंद करत नाही. आकडेही काही तास उशिरा येतात. रात्री ॲक्सेस की फुटली आणि कोणी मोठमोठे सर्व्हर सुरू केले तर इशारा येईपर्यंत बरीच रक्कम झालेली असू शकते. म्हणून की कोडमध्ये लिहायची नाही आणि गिटहबवर चढवायची नाही, खासगी रेपॉझिटरीतही नाही. चुकून चढली तर फाइल पुसून भागत नाही, ती जुन्या कमिटमध्ये तशीच राहते. आधी की रद्द करा, मग बाकीचं.

पंधरा हजारांची गोष्टही लक्षात असू द्या. ई-मँडेटवर प्रत्येक वेळी ओटीपी न घेता साधारण १५,००० रुपयांपर्यंतच रक्कम कापली जाते. बिल त्याहून मोठं असेल तर ते आपोआप भरलं जात नाही, पेमेंट्सच्या पानावर जाऊन ओटीपीने स्वतः भरावं लागतं. वाढत्या व्यवसायांची खाती थकबाकीत जातात ती पैसे नसतात म्हणून नव्हे, तर कोणी ती मेल वाचलेली नसते म्हणून. अकाउंटच्या पानावर बिलिंगसाठी पर्यायी संपर्क म्हणून हिशेबनिसाचा ईमेल टाका.

पहिला सर्व्हर

कन्सोलच्या वर उजवीकडे रीजन दिसतं. नव्या खात्यात ते अमेरिकेतलं असू शकतं, ते आधी मुंबई करा. हैदराबाद हवं असेल तर ते खात्याच्या सेटिंगमधून वेगळं सुरू करावं लागतं. काल केलेला सर्व्हर आज दिसत नाही, अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा रीजन बदललेलं असतं. सर्व्हर तिकडे चालूच असतो आणि पैसेही.

ईसीटूमध्ये उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि टी३ मायक्रो (सर्व्हरचा छोटा आकार) हा सुरुवातीला पुरेसा पर्याय आहे: दोन व्हर्च्युअल सीपीयू आणि १ जीबी मेमरी. की-पेअरची, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याच्या किल्लीची फाइल एकदाच डाउनलोड होते, दुसऱ्यांदा मिळत नाही. लिनक्स किंवा मॅकवर त्या फाइलची परवानगी फक्त मालकाला वाचण्यापुरती, म्हणजे ४००, करावी लागते. तसं केलं नाही तर एसएसएच (सर्व्हरला दुरून जोडणारा प्रोग्राम) ती फाइल घ्यायला नकार देतं. उबुंटूवर लॉगिनचं नाव उबुंटूच असतं. लिनक्सचा रूट म्हणून आत जाऊ देत नाहीत.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरच्या कुठल्या पोर्टवर कोणाला येऊ द्यायचं याचे नियम) वेबसाइटची पोर्ट ८० आणि ४४३ सगळ्यांसाठी उघडा, एसएसएचचं २२ मात्र फक्त माय आयपी निवडून. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, त्यामुळे दोन दिवसांनी कनेक्शन टाइमआउट झालं तर सर्व्हर बिघडला असं समजू नका, नियमात नवा आयपी घाला. २२ फक्त स्वतःच्या आयपीला उघडं असेल तर कन्सोलमधलं ब्राउझरवरून जोडण्याचं बटणही चालत नाही, कारण ते कनेक्शन एडब्ल्यूएसच्या आयपींवरून येतं. डेटाबेसचं पोर्ट ३३०६ किंवा ५४३२ जगाला उघडायचं नाही, तात्पुरतंसुद्धा नाही.

१ जीबी मेमरीत नोडचा प्रोजेक्ट बिल्ड करायला घेतला की प्रक्रिया मध्येच किल्ड म्हणून मरते. २ जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) करा किंवा बिल्ड लॅपटॉपवर करून तयार फाइल्सच वर चढवा. दुसरा पर्याय जास्त चांगला. टी३ सर्व्हर मुळातच अनलिमिटेड मोडवर, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त सीपीयू वापरू देणाऱ्या मोडवर असतो, त्यामुळे सीपीयू सतत तापलेला राहिला तर जादा शुल्क लागतं. तो मोड स्टँडर्ड करून ठेवलात तर सर्व्हर मंदावेल, पण बिल वाढणार नाही.

सर्व्हर थांबवून परत सुरू केला की पब्लिक आयपी बदलतो, म्हणून इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पत्ता) घेऊन जोडा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (नावाला आयपीशी जोडणारी नोंद) त्यावर वळवा. नाव त्या आयपीवर पोचतंय याची खात्री झाल्यावरच लेट्स एनक्रिप्टचं, म्हणजे एचटीटीपीएससाठी लागणारं मोफत प्रमाणपत्र मागा. पोर्ट ८० बंद असताना किंवा डीएनएस पसरण्याआधी मागत राहिलात तर तासाभरात पाच अपयशी प्रयत्नांनंतर तुम्हाला थांबवतात. ॲपमधून थेट पोर्ट २५ वर मेल पाठवता येणार नाही, ते पोर्ट बाहेर जायला अडवलेलं असतं. एडब्ल्यूएसची एसईएस किंवा दुसरी मेल सेवा पोर्ट ५८७ वरून वापरा.

बिल नेमकं कशाचं येतं

महिनाभर चालू असलेल्या टी३ मायक्रोचे मुंबईत साधारण ८ डॉलर होतात. ८ जीबी डिस्कचे पाऊण डॉलरच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला आणखी ३.६५. एकूण साडेबारा डॉलर, जीएसटी धरून पंधराच्या जवळ. क्रेडिट आहे तोवर हे जाणवत नाही. खिशातून भरायची वेळ आली की लाइटसेल या एडब्ल्यूएसच्याच ठरलेल्या मासिक दराच्या सर्व्हर सेवेकडे बघा: १ जीबी मेमरी, ४० जीबी डिस्क आणि पब्लिक आयपी मिळून ७ डॉलर, अधिक जीएसटी. मुंबईत त्यातली डेटा ट्रान्सफरची मर्यादा इतर बहुतेक रीजनच्या निम्मी असते, पण छोट्या ॲपला तीही पुरून उरते. एका सर्व्हरवर मावणाऱ्या ॲपसाठी आमची शिफारस लाइटसेलचीच आहे.

सर्व्हर थांबवल्यावर सीपीयूचा मीटर थांबतो, डिस्कचा आणि इलॅस्टिक आयपीचा चालूच राहतो. सर्व्हर टर्मिनेट, म्हणजे कायमचा काढून टाकला तरी स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत) आणि मोकळा इलॅस्टिक आयपी मागे उरतो. व्हीपीसीच्या (खात्यातलं खासगी नेटवर्क) विझार्डमध्ये नॅट गेटवेवर (खासगी सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) टिक राहिली तर काहीही न वापरता महिन्याला तीस डॉलरच्या वर जातात. एका साध्या वेब ॲपला तो लागत नाही.

खातं बंद करायचं असेल तर आधी प्रत्येक रीजनमधल्या वस्तू स्वतः काढा आणि हवे ते इन्व्हॉइस डाउनलोड करून घ्या. रूट ईमेल पुढे नव्या खात्यासाठी लागणार असेल तर बंद करण्याआधी तो बदलून दुसरा पत्ता लावा. त्यानंतर रूटने लॉगिन करून अकाउंटच्या पानावरून खातं बंद करायचं. चालू महिन्यात झालेल्या वापराचं बिल पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तरीही येतं, म्हणून कार्ड तोवर बंद करू नका. ९० दिवसांच्या आत सपोर्टला सांगून खातं परत उघडता येतं.